शहाळ्याचा तो पेला

मित्रांनो, माझे दात झिजले असले तरी मी अजून कुठल्याच नारळाला हार गेलेली नाही, बरं का! मी एक जुनी खोवणी आहे. लोहाराने माझं पातं ठोकून घडवलं, सुताराने मला लाकडी पाटावर बसवलं आणि मी थेट एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आले. तिथल्या स्वयंपाकीण मावशी रोज माझ्यावर नारळ खोवत.

एकदा दीर्घ तापातून उठलेला एक गवंडी रुग्णालयात होता. अंगावर नुसती हाडं! दोन घास खाल्ले की ताट बाजूला सारायचा. आहारतज्ज्ञ बाई मावशींना म्हणाल्या, "याच्या मऊ भातात मूठभर ओला नारळ घाला. त्यातल्या चरबीमुळे थोडक्या घासात ताकद मिळेल. चोथा पोटाला बरा."

भाताला चव आली आणि गवंडी जेवू लागला. महिन्याभरात तो आपल्या पायांनी स्वयंपाकघराच्या दारात उभा! हातात शहाळं.

"मावशी, हे शेजारच्या वॉर्डातल्या शिंपीणबाईंना द्या. फार थकल्यात हो."

"देते की! नारळानं कधी कुणाचं वाईट झालंय?" मावशींनी पेला भरला. मीही फुशारले होते.

तेवढ्यात आहारतज्ज्ञ बाई आल्या. "थांबा! शिंपीणबाईंची मूत्रपिंडं कमजोर आहेत. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. तुम्हा-आम्हाला ते चालतं, पण त्यांच्या अंगात साठून राहील. हृदयाचे ठोके बिघडतील."

पेला मोरीत रिकामा झाला आणि मावशींनी नारळाचाच धसका घेतला. मला फळीवर टाकून दिलं. दमट हवेत मी गंजत गेले. नारळ खोवणारी मी, कोळ्यांची जाळी सांभाळत बसले!

अखेर बाईंनीच मला खाली काढलं. "नारळाचा काय दोष, मावशी? विचारायचं राहिलं, एवढंच."

मावशींनी मला लिंबाने घासलं, पुसून कोरडं केलं. आता ताट वाढण्याआधी त्या विचारतात, "या खाटेला नारळ चालतो ना?"

मित्रांनो, नारळ आवडीने खा, पण बेताने खा. घरात कुणी आजारी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि काम झाल्यावर आम्हा खोवण्यांना ओलं टाकू नका. चला, मावशींनी पदर खोचला. आज आठ नारळ आहेत.