लिफ्टवाल्याच्या घरातली बाटली

मी गोळ्यांची एक बाटली बोलतेय. थांबा, नाक मुरडू नका. माझ्या पोटात हळदीचा अर्क आहे आणि व्यायामानंतर ज्यांचं अंग दुखतं त्यांच्यासाठी मी आहे. मी जादू करत नाही. कुणाला थोडा आराम पडतो, कुणाला फारसा नाही. पण ज्या कामासाठी जन्म झाला, ते तरी धड करू द्याल की नाही?

माझा जन्म एका सरकत्या पट्ट्यावर झाला. पुढे बाटली, मागे बाटली आणि ओळख कुणाशीच नाही. यंत्रानं गोळ्या भरल्या, झाकण पिळलं, की निघाले. मग औषधांच्या दुकानातली वरची फळी. जिन्यात शेजाऱ्यावरून नजर सरकते ना, तशी गिऱ्हाइकांची नजर माझ्यावरून सरकायची.

एका संध्याकाळी ग्रीस लागलेल्या हातांनी मला उचललं. ते हात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचे होते.

"मुलीसाठी हवंय. मांड्या भरून येतात तिच्या."

"जेवल्यावर घ्यायला सांगा, काका," दुकानदार म्हणाला. "उपाशीपोटी घेतली तर जळजळेल."

"सांगतो."

नाही सांगितलं. कारण बापलेक बोलतच नव्हते. मुलीनं ऑफिसातली नोकरी सोडून अग्निशमन दलाच्या भरतीची तयारी सुरू केली होती. "आगीत जायला वाढवलं नाही तुला," बाबा म्हणाले होते. "मग कशाला वाढवलंत?" तिनं विचारलं होतं. तेव्हापासून त्या घरात बोलायची ती फक्त भांडी. कप टेबलावर जरा जोरात आपटला, म्हणजे चहा झाला.

बाबांनी मला तिच्या बुटात ठेवलं आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावून घेतली. खालच्या मजल्यावरची आत्या तेवढ्यात आली. मला बघून भाचीला म्हणाली, "तुझ्या बापाचा कारभार दिसतोय. पी हळद अन् हो गोरी."

मुलीनं मला बुटातून काढून फळीवर ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या तिनं माझं झाकण उघडलं. मला केवढा आनंद झाला. आणि तिनं गोळी घेतली ती नुसत्या पाण्याबरोबर.

मग वाळूची गोणी खांद्यावर टाकून ती गच्चीपर्यंत जिने चढायची आणि तशीच उतरायची. इमारतीतली लिफ्ट बंद होती. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," शेजारी हसायचे. ती परतायची ती एक हात मांडीवर आणि एक हात पोटावर ठेवून. बाबा वर्तमानपत्राआडून सगळं बघायचे. घसा खाकरायचे आणि पान उलटायचे.

माझ्या पाठीवर सूचना छापलेली आहे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. ती वाचतं कोण? मला ओरडावंसं वाटायचं. ज्याला ठाऊक होतं आणि ज्याला तोंडही होतं, तो मात्र शब्दकोडं सोडवत बसलेला.

भरतीची परीक्षा तोंडावर आली आणि एका सकाळी ती अर्ध्या जिन्यातच ओकली. गोणी तिथंच टाकून वर आली आणि तिनं मला केराच्या डब्यात फेकलं. "बाबांचं काहीच मला पचत नाही," ती आत्याला म्हणाली. "नाही देत मी परीक्षा. होऊ दे त्यांच्या मनासारखं."

डब्यात मी चहाच्या चोथ्यात पडून होते. वाटलं, संपलं.

मग ग्रीसचे हात आत आले. बाबांनी मला बाहीनं पुसलं.

"उपाशीपोटी घेतेस म्हणून होतंय. जेवून घ्यायची असते."

"हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"ऐकलं असतंस?"

"सांगितलं असतंत तर कळलं असतं ना."

आत्या म्हणाली, "आता भांडा तरी. मी चहा टाकते."

बाबा खाली बसले. "चढताना दुखतं की उतरताना?"

"उतरताना."

"मग उतरू नकोस. लिफ्ट चालू करून देतो. चढ आणि लिफ्टनं खाली ये."

ती पास झाली. माझ्यामुळे झाली असं मी म्हणणार नाही. ती आता दूरच्या प्रशिक्षण केंद्रात आहे आणि मी खिडकीत, अर्धी भरलेली. बाबांची रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, म्हणून डॉक्टरांनी त्यांना मला हात लावायला मनाई केलीय. मी त्यांच्याही उपयोगाची नाही. आम्ही दोघं दिवसभर एकमेकांकडे बघतो.

फोन येतो. "जेवलीस?" "हो." "बरं." की ठेवला.

काल फोन ठेवल्यावर त्यांनी मला हातात घेतलं, उगाच हलवलं, परत जागेवर ठेवलं. आणि पुन्हा नंबर लावला.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही गं. करमत नाही."

 ती म्हणाली, "मग बोला की. मी इथंच आहे."

ते बोलत राहिले. माझ्याकडे पाठ करून, बराच वेळ. आता मला टाकून दिलं तरी चालेल. एवढंच मागते, माझ्यासारखी बाटली कुणाच्या बुटात ठेवाल, तेव्हा शेजारी दोन मिनिटं उभे राहा.