गुरुजींचा लोलक आणि सविताबाईंची सुई

सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या एका हॉलमध्ये रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला एरवी वडे येईपर्यंत कोणी फिरकत नाही. पण आज पुण्याहून निशिकांत गुरुजी आले होते आणि त्यांचा लोलक म्हणे माणसाच्या पेशींशी बोलत होता. दोऱ्याला टांगलेला जांभळा खडा सरळ झुलला की होकार, गोल फिरला की नकार. कुणाची हळद, कुणाचा चष्मा, कुणाचा मोबाइल, सगळ्यांचे निकाल धडाधड लागत होते.

"ही क्वांटम स्पंदनं आहेत," गुरुजी म्हणाले. "विज्ञान अजून इथवर पोचलेलं नाही. पोचेल बिचारं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणारे बहुतेक चांगी बिझनेस पार्कातले सॉफ्टवेअरवाले. बँकेच्या ॲपमधलं एक बटण निळ्याचं हिरवं करायचं तरी ही मंडळी महिनाभर टेस्टिंग करतात. इथे मात्र एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की बाबा, हा खडा कोणी तपासलाय का?

स्मिता मागच्या रांगेत चरफडत बसली होती. आज तिचंही भाषण होतं: युरोपात आधुनिक विज्ञान कसं रुजलं. सुरुवात गॅलिलिओच्या लोलकापासून. मंडळाचा सेक्रेटरी म्हणजे तिचाच नवरा सुबोध. "दोन्हीकडे लोलकच आहे ना," म्हणत त्याने दोन्ही कार्यक्रमांची मोट बांधली होती.

तेवढ्यात तिच्या सासूबाई, सविताबाई, इन्सुलिनचं पेन घेऊन पुढे गेल्या. खडा गरगर फिरला. शेजारी ठेवलेल्या गुरुजींच्या चूर्णाच्या पुडीवर मात्र तो शहाण्यासारखा सरळ झुलला.

"विष टोचून घेताय, माउली. आजपासून बंद! हे चूर्ण घ्या."

"सुटले गं बाई!" सविताबाईंचा चेहरा फुलला.

गेल्या दिवाळीत सासूबाईंनी परस्पर सुया बंद केल्या होत्या, तेव्हा थेट आयसीयू गाठावं लागलं होतं. स्मिता उठली आणि तिने माइक हातात घेतला.

"माझं भाषण आताच सुरू करते. चारशे वर्षांपूर्वी युरोपातही मोठ्या माणसाने सांगितलं की ते खरं, असाच कारभार होता. गॅलिलिओसारखे लोक म्हणाले, करून बघू. पुढे लंडनमध्ये काही जणांनी चक्क मंडळ काढलं आणि ठरवलं, की कुणाच्याही नुसत्या शब्दावर विसंबायचं नाही. प्रयोग सगळ्यांसमोर करायचा."

"वडे असायचे का तिथे?" मागून कुणीतरी विचारलं.

"वड्यांचं ठाऊक नाही. प्रयोग मात्र असायचे. गुरुजी, पेन आणि चूर्ण आपण सारख्या डब्यांत झाकू. लोलक सांगेलच कशात काय आहे ते."

गुरुजी दुखावले. "श्रद्धेची टेस्टिंग करायची नसते, ताई."

'टेस्टिंग करायची नसते' हे शब्द कानावर पडताच सुबोधमधला, तपासल्याशिवाय एकही सॉफ्टवेअर पुढे न सोडणारा रिलीज मॅनेजर खडबडून जागा झाला. "असं म्हणणाऱ्या व्हेंडरला मी ऑफिसात दारातूनच परत पाठवतो," तो म्हणाला आणि स्टीलचे दोन डबे घेऊन पॅन्ट्रीत गेला. आत एकटाच डबे भरायचा, बाहेर आणून ठेवायचा, आणि चेहऱ्यावरून कुणाला काही कळू नये म्हणून पुन्हा आत पळायचा.

पहिल्यांदा गुरुजींचं उत्तर बरोबर आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"नाणं उडवूनही एकदा बरोबर येतं," स्मिता म्हणाली. "पुन्हा."

पुढच्या खेपेला इन्सुलिन अमृत निघालं. त्याच्या पुढच्या खेपेला गुरुजींचं स्वतःचं चूर्ण घोर विष! हॉल हसून लोटपोट झाला.

"इथे लिफ्ट जवळ आहे," गुरुजी घाम पुसत म्हणाले. "स्पंदनं अडतात."

स्मिताने आपली अंगठी दोऱ्याला बांधून सासूबाईंच्या हातात दिली. "आई, हात अगदी स्थिर धरा आणि मनात म्हणा, सरळ."

अंगठी हळूहळू सरळ झुलू लागली.

"अगंबाई! मी नाही हो हलवत!"

"मुद्दाम नाही हलवत. पण मनात जे असतं, त्याप्रमाणे बोटं नकळत किंचित हलतात. दोरा तेवढंच मोठं करून दाखवतो. गुरुजींचंही तेच होतंय. त्यांना आत काय आहे ते दिसतं, तेव्हाच लोलकाला कळतं."

सविताबाईंनी न सांगताच अंगठी इन्सुलिनच्या पेनावर धरली. ती गोल फिरली. ते पाहून त्यांचे डोळे भरून आले.

"म्हणजे 'नको' असं मीच म्हणत होते गं. कंटाळा आलाय मला त्या सुयांचा."

स्मिताला भडभडून आलं. आजवर घरात त्यांना सगळ्यांनी सुई घ्यायला बजावलं होतं, पण कंटाळा आलाय का, हे कुणीच विचारलं नव्हतं. "माहीत आहे, आई," ती म्हणाली. "यापुढे मी रोज जवळ बसेन. पण आधी साखर बघू या."

साखर मोजायच्या मीटरवरचा चढलेला आकडा बघून सुबोधचं तोंड उतरलं. सविताबाईंनी पुन्हा बोट टोचायला लावलं. आकडा जवळपास तोच आला.

"मनात इतकं म्हटलं, कमी हो म्हणून," त्या म्हणाल्या. "मेला ऐकत नाही."

"म्हणूनच त्याचं ऐकायचं, आई."

वाचकहो, आपल्या मनातलंच बोलणारा खडा कुणालाही आवडतो. पण कुणी चमत्कार दाखवला, तर नमस्काराआधी त्या वस्तूवर झाकण घाला आणि पुन्हा विचारा. एकदा नाही, अनेकदा, सगळ्यांदेखत. जे खरं असेल, ते झाकणाखालीही खरंच राहील. सविताबाईंना एवढं पटलं. त्यांनी चूर्णाची पुडी गुरुजींच्या हातात परत ठेवली आणि सुनेला म्हणाल्या, "दे ते पेन."