घंटेला परवानगी नाही

शिवणकारखान्यातली जेवणाच्या सुट्टीनंतरची घंटा त्या दिवशी वाजलीच नाही. चाळीस शिलाईवाल्या डबे धुऊन, पाय पसरून निवांत गप्पा छाटत बसल्या. साहेबांनी दारातून दोनदा घड्याळाकडे बोट दाखवलं. कटिंगच्या मास्तरांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर चाललंय की घड्याळ."

साहेबांनी तावातावाने ताईला बोलावलं. कारखान्यातले संगणक ती सांभाळायची. काचेच्या खोलीतल्या एका जुन्या संगणकावर लिनक्स होतं आणि त्यातली एक सर्व्हिस, म्हणजे मागे आपोआप चालणारा प्रोग्राम, ठरल्या वेळी हॉलच्या स्पीकरवर घंटेची फाइल वाजवायची.

ताईने सर्व्हिसची अवस्था तपासली. ती पाच वेळा सुरू व्हायला गेली, पाचही वेळा आपटली आणि शेवटी सर्व्हिसनेच नाद सोडला होता.

"परत सुरू करा ना," साहेब म्हणाले.

"केली. परत पडली. लॉग बघते, का रुसलीय ते तिथे लिहिलेलं असतं."

लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा होती: घंटेची फाइल उघडायला परवानगी नाही. ताईने फाइल पाहिली. आज जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी ती बदलली होती आणि नवी फाइल त्या एकट्यालाच वाचता येत होती. फाइलचा मालक म्हणून साहेबांचं खातं झळकत होतं.

ताईने मान तिरकी करून साहेबांकडे पाहिलं. साहेब टायची गाठ सारखी करू लागले.

"घंटेला कुणी जुमानत नाही," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, माझ्या आवाजातच सांगावं, चला, कामाला लागा. घरी रेकॉर्ड केलं."

"छान की. फक्त सर्व्हिसला तुमची फाइल वाचता येत नाहीये. परवानगी दिली की झालं." मग तिची नजर लांबीवर गेली. पावणेतीन मिनिटं. "साहेब, सर्व्हिस सुरू झाली की फाइल आपोआप एकदा हॉलमध्ये वाजते. आधी हेडफोनवर ऐकू या का?"

"वेळ कुठाय? करा सुरू."

ताईला आणखी एकदा विचारता आलं असतं. तिने परवानगी दिली आणि बटण दाबलं.

हॉलभर आधी खाकरणं ऐकू आलं. मग "चला, कामाला लागा" जाड आवाजात, मग बारीक आवाजात, मग अगदी काकुळतीला येऊन. पाठोपाठ साहेबांचाच प्रश्न: "कसं वाटलं गं? दरारा वाटतो ना?" आणि त्यांच्या बायकोचा शांत आवाज: "सर्दी झाल्यासारखं वाटतं. गॅस बंद करा, दूध उतू जातंय."

चाळीसजणी पोट धरून हसल्या. मास्तरांनी कापड तोंडावर घेतलं. ताईने आवाज तोडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. साहेब कानापर्यंत लाल झाले आणि काचेआड उभे राहिले.

सगळ्यांत वयस्कर शिलाईवाली डोळे पुसत उठली, मशीनपाशी बसली. एकेक करून बाकीच्याही बसल्या. मशिनी धडधडू लागल्या.

"जुनी घंटा लावते," ताई म्हणाली. "ही फाइल उडवू?"

साहेबांनी काचेतून हॉलकडे पाहिलं.

"घंटेतून काढा," ते म्हणाले. "पण मला पाठवून ठेवा. हिला ऐकवायचीय, चाळीसजणी हसल्या म्हणून सांगतो."