तांबड्या मातीला झालेला रोग

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, आणि माझ्या पोटावर चिकटवलेली चिठ्ठी खोटी आहे. चिठ्ठीवर 'सदोष' असे लिहिले आहे. तुमची शाळा कलबुर्गीच्या आमच्या प्रयोगशाळेत येते, तेव्हा तुमच्यातला कोणीतरी शहाणा ती मोठ्याने वाचतो, बाकीचे खिदळतात, आणि एखादा जाता जाता माझ्या भिंगावर चिवड्याचे बोट उमटवून जातो. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून मी म्हणतो. तुमची माझी मैत्री अजून व्हायची आहे.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथले मला काही आठवत नाही. कळू लागले तेव्हा मी बंडेप्पा फोटोवाल्याच्या गळ्यात होतो. त्याच्याबरोबर मी या भागातली पुष्कळ लग्ने पाहिली. माझ्या पट्ट्याला कायम जेवणावळीतल्या गव्हाच्या हुग्गीचा, म्हणजे गोड खिरीचा, वास यायचा. नवरी जितकी स्वच्छ माझ्यात उतरायची, तितकाच स्वच्छ तिच्यामागचा पडदाही उतरायचा, आणि पडद्याखालून डोकावणारी कोणाची तरी चप्पलसुद्धा. समोर असेल ते सगळे घ्यायचे हा माझा धर्म. त्यातले कामाचे काय आणि बिनकामाचे काय, हे ठरवणे माणसाचे काम. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे माणसांनी ते सोयीने विसरायचे ठरवले.

बंडेप्पाने नवा कॅमेरा घेतला आणि मला एका महाविद्यालयाच्या संगणक विभागाला विकले. तिथे मी भार्गवीच्या हाती आलो. शिक्षकांच्या घरातली ही मुलगी आपल्या प्रबंधासाठी संगणकाला तुरीचा रोग ओळखायला शिकवत होती. तुरीला वांझ रोग होतो. पाने बारीक आणि फिकी पडतात, झाड वाढत राहते, पण त्याला फूल लागत नाही, मग शेंग कुठून येणार? असे झाड वेळीच उपटले तर बाकीचे रान वाचते. आपल्या डोळ्यांना रोग दिसेपर्यंत उशीर होतो, संगणकाला तो आधीच दिसेल, असा भार्गवीचा हिशेब होता. हिशेब चांगला होता. मी मनापासून तिच्या बाजूचा होतो.

संगणकाला शिकवायचे म्हणजे त्याला फोटो दाखवायचे. ढीगभर फोटो. प्रत्येकाखाली 'निरोगी' किंवा 'रोगट' असे लिहून द्यायचे. दोन्हींत फरक कोणता, हे संगणक आपले आपण हुडकून काढतो. कशावरून हुडकले हे मात्र तो सांगत नाही. घुम्या आहे तो.

भार्गवीचे मार्गदर्शक होते श्रीनाथ सर. त्यांची सासुरवाडी करजगीची. सासऱ्यांची तूर त्या साली दृष्ट लागावी अशी आली होती, म्हणून निरोगी झाडांचे सगळे फोटो तिथे काढायचे ठरले. राहायची सोय होती, दोन वेळचा चहा होता. करजगीची माती काळीभोर, भार्गवीच्या चपलेला अशी चिकटायची की पाय उचलवत नसे. रोगट झाडे मात्र सासऱ्यांच्या रानात नव्हती. ती मन्नाएखेळ्ळीच्या बाजूला सापडली. तिथे बस हमरस्त्यावर सोडते, उतरले की समोर रान. तिथली माती तांबडी. मी वाकून वाकून फोटो घेतले, वरून पान आणि पानामागे जमीन. कोणी मला विचारले नाही, आणि विचारले असते तरी मला तोंड कुठे आहे?

त्यातलेच काही फोटो बाजूला ठेवले होते, त्यांच्यावर संगणकाची परीक्षा झाली. संगणकाने शंभरातली अठ्ठ्याण्णव झाडे बरोबर ओळखली. मग काय विचारता! सर परिषदेला जाऊन आले. मला हातात धरून त्यांनी वर्तमानपत्रासाठी फोटो काढून घेतला. 'शेतकऱ्याच्या डोळ्यांच्याही पुढचे पाहणारे यंत्र' असा मथळा आला. त्या दिवसांत माझे भिंग रोज मऊ फडक्याने पुसले जायचे.

पुढच्या हंगामात आम्ही मन्नाएखेळ्ळीच्या राजूबाईच्या रानात गेलो. राजूबाई एकटी शेती बघणारी, बोलायला फटकळ. तिची तूर अजून फुलावर आली नव्हती. रस्त्यालगतच्या पट्ट्यातल्या झाडांचे मी फोटो काढले, भार्गवीने ते तिथेच संगणकात घातले. सगळी रोगट निघाली. राजूबाईने एक पान चुरगाळून पाहिले आणि म्हणाली, "मला तर हिरवंगार दिसायलंय." भार्गवी म्हणाली, "अक्का, तुम्हाला दिसेपर्यंत उशीर होतो. यंत्राला आधी कळतंय." राजूबाईने विश्वास ठेवला. आम्ही बसमध्ये बसलो तेव्हा ती वाकून झाडे उपटत होती.

तूर फुलायच्या दिवसांत एका सकाळी ती प्रयोगशाळेत आली. दार वाजवणे वगैरे काही नाही. तिच्या काखेत मुळासकट उपटलेले तुरीचे झाड होते, पिवळ्या फुलांनी भरगच्च लगडलेले. ते तिने भार्गवीच्या टेबलावर आपटले. तांबड्या मातीची ढेकळे चहूकडे उडाली, थोडी माझ्या अंगावरही.

"हे बग तुमचा रोग!" ती म्हणाली. "बांधाच्या काटेरी कुपाटीत एक झाड उपटायचं राहून गेलं व्हतं. ते असं फुललं. बाकीची तुझ्या सांगन्यावरून मी माझ्या हातानं उपटून पेटवली."

"राजूअक्का, बसा तरी."

"बसायला आले न्हाई मी. माझी चांगली झाडं कामून उपटायला लावलीस ते सांग."

भार्गवीचा चेहरा उतरला. तिने मला उचलले आणि टेबलावरच्या त्या झाडाचा फोटो घेतला. संगणक म्हणाला, रोगट. फुलांनी वाकलेले झाड, आणि रोगट! तिने कोपऱ्यातली काळी छत्री उघडून झाड तिच्यावर ठेवले. फोटो घेतला. संगणक म्हणाला, निरोगी. तिने झाड उचलून पुन्हा मातीत ठेवले. रोगट. मग तिने झाड बाजूलाच केले. टेबलावर नुसती माती उरली, तांबडी, मन्नाएखेळ्ळीची. तिने मला त्या मातीवर रोखले. झाड नाही, पान नाही, काडीसुद्धा नाही. संगणकाने छातीठोकपणे सांगितले, रोगट.

"आता मातीलाबी रोग झाला म्हना की!" राजूबाई म्हणाली. ती हसत नव्हती.

मित्रांनो, तुमच्या ध्यानात आले असेलच. संगणक झाडाकडे बघतच नव्हता. काळी माती दिसली की निरोगी, तांबडी दिसली की रोगट, एवढेच तो शिकला होता, कारण त्याला एवढेच शिकवले होते. पाने ओळखायच्या कष्टापेक्षा मातीचा रंग ओळखणे सोपे. आळशी विद्यार्थी सोपी वाट धरतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

गलका ऐकून श्रीनाथ सर आले. टेबल पाहिले, छत्री पाहिली. सर हुशार आहेत, एका क्षणात उमगले त्यांना. आणि पुढच्या क्षणी त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"कॅमेरा बिघडलाय हा, बाई. जुना माल. रंगच चुकीचे पकडायलाय. म्हणून घोटाळा झाला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी रंग चुकीचे पकडतो? तांबडी माती तांबडी आणि काळी माती काळी, हे त्या सगळ्या कारभारात फक्त मी बरोबर सांगितले होते! मी भार्गवीकडे पाहिले. तिला सगळे कळले होते. तिने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले.

राजूबाईने माझ्याकडे असे पाहिले, की माझे भिंग तडकायचेच बाकी होते. "मग असलं फुटकं यंत्र माझ्या रानात कामून आनलासा? नालीत टाका त्याला," असे म्हणून तिने आपले झाड उचलले आणि निघून गेली.

ती चिठ्ठी सरांनी त्याच दुपारी स्वतःच्या हाताने चिकटवली. मग भार्गवीला म्हणाले, "प्रबंधात एक ओळ घाल. कॅमेऱ्यातील दोषामुळे शेतावरची चाचणी फसली. विषय मिटला."

"सर, कॅमेरा चांगला आहे. कुठले फोटो कुठं काढायचे ते आपण ठरवलं."

"आपण नाही, तू. प्रबंध तुझा आहे. आणि ऐक, त्याच्यावर सही माझी लागते, कॅमेऱ्याची नाही."

ती खुर्चीत बसली आणि तिने ती ओळ लिहिली. मी टेबलावर तिच्या पडद्याकडे तोंड करून होतो, त्यामुळे एकेक अक्षर उमटताना मला बघावे लागले. सरांचा राग येणे सोपे होते, त्यांनी मला कधी आपले मानले नव्हते. हिचा राग जास्त आला. हिने मला गळ्यात घालून रानोरान हिंडवले होते, उन्हात स्वतःच्या ओढणीची सावली केली होती. संध्याकाळी तिने मला कपाटात ठेवले, तेव्हा भिंगावर झाकणसुद्धा लावले नाही.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून ऐकले. ओळ तिने खोडली होती, आणि सगळे फोटो नव्याने काढायचे म्हणत होती. सरांचा आवाज चढला. "माझं नाव पेपरात आलंय! लोकांपुढं माझं हसं करायलीस? सही होणार नाही. दुसरा मार्गदर्शक बघ, सापडला तर." भार्गवीची प्रयोगशाळेतली जागा गेली, शिष्यवृत्ती थांबली. मी कागदोपत्री सदोष, म्हणजे भंगार. त्यामुळे ती मला पिशवीत घालून निघाली तेव्हा तिला कोणी अडवले नाही. सरांच्या चिठ्ठीचा तेवढा एकच उपयोग झाला.

शेंगा भरायच्या दिवसांत आम्ही मन्नाएखेळ्ळीला उतरलो. राजूबाई रानात होती. तिने लांबूनच हात वर केला.

"बांधाच्या अलीकडं पाय टाकू नको. त्या फुटक्याला परत आनलीस व्हय?"

"अक्का, हा फुटका नाही." भार्गवी बांधावरच उभी राहिली. "त्या दिवशी सर खोटं बोलले, आणि मी गप्प बसले."

"मग चूक कुनाची?"

"माझी. तांबड्या मातीतबी निरोगी तूर येते, हे मी संगणकाला कधी दाखवलंच नाही. सगळी निरोगी झाडं दुसरीकडची दाखवली. कॅमेऱ्यानं समोर होतं तेच दाखवलं."

हो, ऐकले मी. इतक्या दिवसांनी कोणीतरी मोठ्याने म्हणाले. मला वाटले होते, हे ऐकून फार बरे वाटेल. पण राजूबाईचा चेहरा माझ्यासमोर होता, आणि तो बघून काही बरे वाटेना.

"हे सांगून माझी झाडं परत येत्यात व्हय?"

"नाही."

"मग कामून आलीस?"

"तुमच्या चांगल्या झाडांचे फोटो पाहिजेत, अक्का. तांबड्या मातीतल्या. म्हणजे पुन्हा कुणाची चांगली झाडं उपटली जाणार नाहीत."

राजूबाई वळली आणि चालू लागली. भार्गवी बांधावरून तिच्या मागे गेली. रस्त्यालगतच्या पट्ट्यापाशी राजूबाई थांबली. पलीकडचे रान शेंगांनी भरले होते. या पट्ट्यात काही नव्हते. झाडे उपटली तिथे लहान लहान खड्डे होते आणि बांधाकडेला जाळल्याचा काळा डाग होता.

"माझी चांगली झाडं हितं व्हती," ती म्हणाली. "काढ फोटो."

भार्गवीने मला वर उचलले आणि पुन्हा खाली घेतले.

"काढ म्हनते ना! आन त्याच्याखाली लिही, निरोगी म्हनून."

भार्गवी गुडघ्यांवर बसली. मी स्थिर राहिलो. तेवढे मला जमते. मी तो फोटो घेतला, पुढच्या खड्ड्याचा घेतला, त्याच्या पुढच्याचाही घेतला. पट्टा संपेपर्यंत राजूबाई डोक्यावर उभी होती. मग म्हणाली, "आता नीघ."

पुढे भार्गवीला कुसुमताई नावाच्या दुसऱ्या मार्गदर्शक मिळाल्या, आणि मी तिच्याबरोबर प्रयोगशाळेत परत आलो. राजूबाई आता बांध ओलांडू देते, चांगल्या झाडांचे फोटोही काढू देते. चहा अजून दिलेला नाही. माझी चिठ्ठीही अजून आहे. कागदोपत्री लावलेला दोष कागदोपत्रीच निघतो म्हणे, आणि श्रीनाथ सर सही करायला तयार नाहीत.

तर मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. भिंगाला बोट लावू नका. मऊ फडके शेजारीच ठेवलेले असते. आणि एखादे यंत्र चुकले की त्याच्यावर खापर फोडून हात झटकू नका. त्याला कोणी काय दाखवले, आणि काय दाखवायचे राहिले, ते आधी विचारा. पुढच्या वेळी आलात की भार्गवी तुम्हाला पडद्यावर एक फोटो दाखवील. त्यात झाड नाही, पान नाही. नुसती तांबडी माती आणि एक खड्डा आहे. तुम्ही हसायच्या आधी त्याच्याखालचा शब्द वाचा. तिथे लिहिले आहे, निरोगी.