रंगाखालचा पिवळा

भाऊजींनी गाडी दुकानाच्या तोंडाशी आणून लावली आणि उतरता उतरताच बजावलं, “काय मेहुणीबाई! नुसती चमक आणायची हं. घासाघाशी नको.”

“चमक काय फुंकर मारून येते?” धाकटी म्हणाली.

एरवी त्यांनी एका थट्टेला दोन थट्टांनी उत्तर दिलं असतं. आज ते नुसतं हसल्यासारखं करून बाजूला झाले. उद्या गाडी विकायची होती. बघायला आलेल्या माणसाने पुढच्या डाव्या मडगार्डावरून हात फिरवला आणि ‘इथे खरखरीत लागतंय’ म्हटलं. तेव्हा थोरलीने त्याच्यासमोरच सांगून टाकलं, माझी बहीण रंगकाम करते, तिच्याकडून नीट करून देऊ. परक्या माणसापुढे भाऊजी नाही कसं म्हणणार? म्हणून गाडी इथे आली. थोरलीही आली, काठी टेकत. तिचा मोडलेला पाय नुकताच प्लास्टरमधून मोकळा झाला होता.

भाऊजी फोनवर बोलत रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. तिथून दुकान सरळ दिसत होतं.

धाकटीने पॉलिश पेपर बादलीत भिजवला. दुकान वडिलांचं, आणि हातही वडिलांचाच, असं लोक म्हणायचे. कडेला रंग पातळ बसतो, तिथे बोट दाबायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. गाडीवरचा सगळ्यात वरचा थर म्हणजे क्लिअर, काचेसारखा पारदर्शक. तो घासला की पाणी दुधासारखं उतरतं. तसं ते उतरत होतं. थोरली स्टुलावर बसून एकटक बघत होती.

मग पाणी करडं झालं.

धाकटीने पेपर पटकन उचलला. करडं पाणी म्हणजे क्लिअर संपला आणि खालचा रंग निघाला. “मेले! ताई, हात गेला गं माझा.”

 थोरलीने स्टूल जवळ ओढलं.

धाकटीला आपल्याच हाताचा राग आला, आणि नवलही वाटलं. तिने जोर दिलाच नव्हता. कारखान्यातला रंग इतक्या लवकर हार मानत नाही. आता त्या एवढ्याशा ठिपक्यावर रंग उडवून भागणार नव्हतं. फाटलेल्या थराची कड तशीच राहिली तर कितीही क्लिअर मारा, ती खालून डोळे वटारते. आधी भोवताली घासून उतार करायचा, मग प्रायमर, मग रंगाचे पातळ हात बाहेरच्या बाजूला विरत न्यायचे, आणि शेवटी अख्ख्या मडगार्डावर क्लिअर.

ती उतार करू लागली तशी एकात एक कडी उमटत गेली. क्लिअर, चंदेरी, करडा प्रायमर, आणि मधोमध पिवळं.

पुट्टी!

तिने बोटाने टिचकी मारली. पत्रा वाजला नाही, भिंत वाजावी तसा आवाज आला. ती घासत राहिली आणि पिवळं पसरत गेलं, तळहाताएवढं, मग त्याहून मोठं. चांगलाच खोल खड्डा बुजवला होता कुणीतरी, घाईघाईने. आरशावरचा ओरखडासुद्धा हक्काने मेहुणीकडे आणणारा हा माणूस एवढ्या कामाला दुसरीकडे का गेला?

गुडघ्याच्या वरची उंची. थोरलीचा पाय गुडघ्याच्या वरच मोडला होता.

धाकटीचा हात थांबला. लहानपणापासून थोरलीचा एकच नेम, खोटं बोलायचं नाही. त्यापायी दोघींनी मारही खाल्ला होता. दवाखान्यात ती एवढंच म्हणाली होती, “पडले.” पायरीवरून, घसरून, ओल्या फरशीवर, हे सगळं भाऊजींनी जोडलं होतं. आणि सगळ्यांनी तिच्याच तोंडचं म्हणून ऐकलं होतं.

“ताई, कशाने पडलीस?”

थोरलीने डोळे मिटले. “किती वाट बघितली गं, कुणी एवढं विचारावं म्हणून. मी पडले, ते खरंच आहे. पण मला पाडलं. फाटक उघडायला उतरले होते. गाडी पुढे आली.”

“चुकून?”

“पहिल्यांदा चुकून असेल.” तिचा आवाज देवघरात बोलावं तसा हळू होता. “मग ती मागे गेली. आणि परत आली.”

दुकानात सावली पडली. भाऊजी दारात उभे होते. त्यांनी पिवळ्याकडे पाहिलं, मग धाकटीच्या ओल्या हातांकडे.

“घासू नको म्हटलं होतं ना?”

“हात गेला, भाऊजी. होतं कधी कधी. रंग लावून देते, पण वाळायला वेळ लागेल. गाडी आज राहू दे.”

“राहू दे कशाला? रंग काय, कुणीही लावेल.” ते थोरलीकडे वळले, अगदी मायेने. “काय बोलत होता गं दोघी?”

धाकटीने झटकन कॉम्प्रेसरचं बटण दाबलं. थोरली आता खरं तेच सांगून टाकणार, हे तिला ठाऊक होतं. यंत्र धडधडू लागलं. भाऊजींनी शांतपणे हात लांब करून ते बंद केलं.

“काय बोलत होता?”

“तुम्ही काय केलंत, ते,” थोरली म्हणाली.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गाडीचं दार उघडून धरलं. “चल. घरी जाऊन बोलू.”

थोरली उठली. काठी घेतली. धाकटीने तिचा दंड धरला, तसा थोरलीनेही तिचा हात घट्ट धरला.

“मी येणार नाही.”

“किती दिवस ठेवशील हिला?” त्यांनी धाकटीला विचारलं. उत्तराची वाट न बघता ते आत बसले. गाडी हळूहळू मागे गेली, रस्त्याच्या कडेपर्यंत, आणि तोंड दुकानाकडेच ठेवून थांबली.

धाकटीने शटर खाली ओढलं, आतून कडी घातली आणि थोरलीला मागच्या भिंतीजवळ, लोखंडी कपाटाच्या आडोशाला नेलं. मोबाईल तिच्या हातात दिला. “पोलिसांना लाव.”

“काय सांगू?”

“घडलं तसं सांग. तुला दुसरं काही येतं का?”

थोरलीच्या ओठांवर हसू आलं न आलं. तिने नंबर दाबला. पलीकडून कुणीतरी बोललं आणि ती आपलं नाव, पत्ता सावकाश सांगू लागली.

बाहेर इंजिन चालूच होतं.