डोंगरीवरची घासाघीस

"पास्टरजी, देव आपल्याले भाव देते का?"

दामिनीने विचारलं आणि डोंगरीच्या पायथ्याशी मोहाच्या झाडाखाली बसलेली सगळी मंडळी वळून तिच्याकडे पाहायला लागली. आईने तर डोळेच मोठे केले.

खरं म्हणजे प्रश्न तिचा नव्हताच. दहावीचा शेवटचा पेपर सुटल्यावर वरठीच्या शाळेच्या फाटकात तृप्तीने पैज घातली होती. "तुमचा देव म्हणे सगळ्यायवर प्रेम करते. मंग विचार ना व तुमच्या पास्टरले, तुले भाव देते का म्हणून! का तोबी आपल्या वर्गातल्या पोट्ट्यांसारखाच?" पोरी पोट धरून हसल्या होत्या. आणि दामिनी म्हणजे आता पैजेला नाही म्हणणारी पोरगी राहिली नव्हती. स्नेहसंमेलनात माईकवर बोलल्यापासून तिला वाटायचं, आपण कलेक्टरलासुद्धा प्रश्न विचारू शकतो.

बाबूलाल पास्टर मुळीच रागावले नाहीत. रुमालाने चष्मा पुसत म्हणाले, "बेटा, भाव द्यायचं काम त्याचं, ते तो पाहून घेईन. तुझं काम भाव ठेवायचं. फक्त एक गोष्ट, भाव करू नको. हा काही तुमसरचा बाजार नाई."

सगळे हसले. दामिनीही हसली, पण तिचे कान तापले. कारण ती नेमका भावच करून आली होती.

त्यांच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत एक रीत होती. ईस्टरच्या आधी एक दिवस सगळ्यांनी गाडी करून बपेऱ्याकडच्या या डोंगरीवर यायचं आणि उपास धरायचा. त्या वर्षी दहावी झालेल्या पोरापोरींनी सकाळीच एकेकट्याने वर जायचं, माथ्यावरच्या चपट्या दगडावर बसून प्रार्थना करायची आणि परतायचं. सोबत कोणी नाही, मोबाईल नाही. या वर्षी दहावीची एकटी दामिनीच होती.

आणि दामिनीला सिकलसेल होता, जन्मापासूनचा रक्ताचा आजार.

जास्त चाललं, ऊन लागलं, पाणी कमी पडलं की हाडं आतून कोणी पिळतंय असं दुखायचं. घरात माणसं तीन, पण खरं म्हणजे चार: आई, बाबा, दामिनी आणि थकवा. बाबा लोखंडाच्या प्लांटातली पाळी करून मोटरसायकलवर घरी यायचे आणि अंगावरची काळी धूळ न धुताच तिचे पाय चोळत बसायचे. आई स्वयंपाक करता करता उभ्या उभ्या डुलकी घ्यायची. शाळेत मात्र कोणालाच माहीत नव्हतं. सुट्टी पडली की "ॲसिडिटी झालती" असं सांगून दामिनी मोकळी व्हायची. तृप्तीलासुद्धा तेच सांगायची.

आता प्रश्न नागपूरचा होता. तिला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं, नागपूरच्या होस्टेलात राहून. आई म्हणायची, "तिथं दुखलं तर कोण पाहीन तुले?" बाबा नुसते तळहात बघत बसत.

म्हणून तिने देवाशी सौदा ठरवला. पाणी न पिता, गोळी न घेता माथा गाठला, तर देवाचा होकार, मग नागपूर. मध्येच बसावं लागलं तर नकार. मग गुमान वरठीतच राहायचं, पुन्हा नागपूरचं नाव काढायचं नाही. आईने बजावलं होतं, "तुले पाण्याचा उपास नाई बरं." पण निघताना दामिनीने पिशवीतली मोठी बाटली आणि गोळ्यांची डबी काढून पास्टरांच्या बायकोच्या, शकुनबाईंच्या, संध्याकाळच्या भातासाठी आणलेल्या गंजामागे हळूच सरकवली.

सुरुवातीला तर ती गाणं म्हणतच चढली. पळस पेटल्यासारखा फुलला होता, वाळका पाला पायाखाली पापडासारखा मोडत होता. तिने मनात तृप्तीला सांगूनही टाकलं, पाह्य व, आमचा देव कसा भाव देते ते!

मग बांबूचं बन संपलं आणि सावलीही संपली. उन्हाने मान भाजायला लागली. श्वास लहान लहान होत गेला. जीभ टाळूला चिकटली. तरी ती चालत राहिली, आणि डाव्या नडगीतलं ओळखीचं दुखणं हळूच बोललं: मी आलं बरं का.

"आता नको ना रे," दामिनी म्हणाली.

आणि घासाघीस सुरू झाली. देवा, माथ्यापर्यंत ने, मी रोज सकाळी प्रार्थना करीन. बरं, सकाळ-संध्याकाळ. आईशी उलटून बोलणार नाही. बरं, माथा राहू दे, त्या तेंदूच्या झाडापर्यंत? तेंदूचं झाड आलं. दुखणं गुडघ्यात शिरलं. मग त्या वळणापर्यंत? भाजीवाल्याशी हुज्जत घालणाऱ्या बाईसारखी ती बोलत राहिली, आणि दुकानदार जसा दुसरीकडे पाहून माश्या हाकलतो तसा देव गप्पच. वळण आलं. पुढे माथा दिसत होता, तो दगडही दिसत होता. जवळ म्हटलं तर जवळ. पण पाय तिचे राहिले नव्हते.

ती एका खडकाच्या कोरभर सावलीत बसली. बसली म्हणजे पडलीच.

झालं. सौदा तुटला. नागपूर गेलं.

रडायलासुद्धा अंगात जोर लागतो. तो नव्हता. द्यायला आता काही उरलं नव्हतं, कबूल करायलाही काही उरलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "देवा, थकली गा मी."

त्यापुढे काही मागितलंच नाही. कितीतरी दिवसांत हे पहिल्यांदा झालं.

थोड्या वेळाने घाम पुसायला तिने पिशवीतून आईची जुनी ओढणी ओढली. ती जड लागली. एका टोकाला चांगली घट्ट गाठ. दातांनी सोडवली, तर आत औषधाची धुतलेली लहान बाटली, मीठ-साखरेच्या पाण्याने काठोकाठ भरलेली. सोबत कागदाच्या पुडीत दुखण्याची गोळी.

दामिनी बघतच राहिली. मग तिला हसू आलं, दुखत असतानाही. आईला सगळं माहीत होतं. पोरगी मोठी बाटली काढून ठेवणार, हेसुद्धा. ही गाठ घरी अंधारातच बांधलेली होती. तिच्या सौद्याच्या आधी, मागण्याच्या आधी, दामिनी शहाणी वागली तरच अशी नाही, आणि वेडेपणा केला तर सुटेल अशीही नाही. आणि दामिनी इथपर्यंत वाकून चढली, पाठीवरच पाणी घेऊन तहानेने मेली!

"असा आहेस होय तू," ती म्हणाली. आईला म्हणाली की देवाला, तिचं तिलाच कळलं नाही.

तिने गोळी घेतली. घोट घोट पाणी प्यायली. चमत्कार वगैरे काही झाला नाही. नडगी ठणकतच होती, जरा दमाने एवढंच. माथा समोर होता. जुनी दामिनी सरपटत गेली असती. ही दामिनी बसून राहिली, पाय हलायला लागेपर्यंत, आणि मग काठी शोधून खाली उतरायला लागली. देवाचा होकार आहे की नकार, तिला काहीच कळलं नव्हतं. भाव ठेवायचा म्हणजे बहुतेक हेच, न कळताच पाय टाकायचा. आणि पाणी घेऊन टाकायचा.

पायथ्याशी बाबा वाटेवरच उभे होते. तिचं लंगडणं पाहून धावले. "आली व माय! पोचली काय वर?"

"नाई, बाबा. वळणावरच बसली."

आईने तिच्या हातातली लहान बाटली घेतली, हलवून पाहिली. रिकामी. मग पदराने तिचं तोंड पुसत म्हणाली, "मोठी बाटली गंजामागं लपवून राहिली होती. मी तुझी आई हावो का शेजारीण?"

"तुले माहीत होतं, तर थांबवलं काहून नाई?"

"थांबवलं असतं तर थांबली असती का तू?"

दामिनी मोहाखाली टेकली. आई-बाबा दोन बाजूंना बसले. बाबांचे हात सवयीने तिच्या नडगीवर गेले. तिघंही थकली होती.

मग दामिनी बोलली. माईकवर बोलायची तशी नाही, हळू.

"आई, बाबा, मी नागपूरले जाणार."

बाबांचे हात थांबले.

"दुखन. तिथंबी दुखन, मले माहीत आहे. पण लपवणार नाई. उद्या पहिले तृप्तीले सांगीन. होस्टेलात गेल्यागेल्या मॅडमले सांगीन, खोलीतल्या पोरीयले सांगीन. गोळ्या समोर खिडकीत ठेवीन." तिने ओढणीचं सुटलेलं टोक आईच्या हातात दिलं. "आणि आई, जायच्या दिवशीची गाठ तूच बांधून देजो."