नाही दाब

गोल फिरणारे पाच पांढरे ठिपके… एकामागून एक निघायचे, चढावर दमायचे, उतारावर धावायचे, नाहीसे व्हायचे आणि पुन्हा निघायचे. नऊ मिनिटं झाली होती. गार्थ नोस्के हाताची घडी घालून आईच्या कॉम्प्युटरसमोर बसला होता, आणि हे यंत्र आपल्याला मुद्दाम डिवचतंय असं त्याला वाटत होतं. अख्ख्या पोर्ट ऑगस्टा गावातल्या म्हाताऱ्यांचे कॉम्प्युटर आपण ताळ्यावर आणायचे, आणि सख्ख्या आईचा हा असा — दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पेटीचं झाकण काढून आतली तांबडी धूळ त्यानं मघाशीच फुंकून काढली होती. पण धुळीनं इतका उशीर होत नसतो.

“झाला का सुरू?” आई स्वयंपाकघरातून ओरडली. “की तोवर कोंबडी पाळून केकसाठी अंडी काढू?”

“होतोय गं.”

“होतोय, होतोय! बावीस वर्षं हा धंदा करतोयस आणि आईच्या नशिबी हे खटारं.”

तिचं बोलणं असंच, चिमटे काढत. त्याला राग येत नव्हता. येत असला तरी तो गिळायची सवय झाली होती. दर रविवारी कोण येतं? गवत कोण कापतं, कूलर कोण साफ करतं, डॉक्टरकडे कोण नेतं? — मी. आणि तो धाकटा, लाइल, पर्थला जाऊन बसलेला, त्याच्या नावानं मात्र हिचा जीव तुटतो. पूर्वी रविवारी चारच्या ठोक्याला त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. त्यासाठीचा प्रोग्रॅमही लाइलनंच इथे बसवून दिला होता. मग बाबा गेले, लाइल अंत्यविधीला एक दिवस उशिरा पोचला, आणि फाटकातच आपण त्याला टोचून म्हणालो, “ये, सँडविचं अजून उरलीत.” त्यानंतर भावाभावांत शब्द नाही. आणि वर्षभरानं त्याचे आईला येणारे कॉलही बंद पडले. एकदम. “बघ, मी म्हणालो नव्हतो?” असं आपण आईला म्हणालो होतो, आणि म्हणताना जिभेवर कशी गोडी आली होती… दोन वर्षं झाली. आई अजून रविवारी साडेतीनला केस विंचरून कॉम्प्युटर लावते. पत्ते खेळायला म्हणे. पत्ते खेळायला केस कशाला विंचरावे लागतात?

अकराव्या मिनिटाला यंत्र जागं झालं.

रोग सापडायला मग वेळ लागला नाही. कॉम्प्युटरवर व्हायरस अडवणारे राखणदार प्रोग्रॅम दोन होते, एक त्यानं स्वतः बसवलेला, दुसरा कुठल्यातरी फुकट गोष्टीबरोबर आगंतुकासारखा आत शिरलेला, आणि दोघेही सुरू होताना एकमेकांनाच चोर समजून झडती घेत होते. एका दारात दोन कुत्री बांधली की घरधन्यालाही आत जाता येत नाही. आगंतुकाला हाकलायचं, संपलं. पण काही काढून टाकण्याआधी त्याची फायरवॉल उघडून पाहायची, कोणाला अडवलंय ते बघायचं, ही गार्थची जुनी शिस्त होती.

यादीत एकच नाव होतं. लाइलचा तो प्रोग्रॅम. बंदी कायमची. तारीख दोन वर्षांपूर्वीची, ऑक्टोबरातली, गुरुवार, सकाळी अकरा.

त्याची नजर स्क्रीनच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर गेली. त्याचंच अक्षर: ‘काहीही विचारलं तरी — नाही दाब.’ गावातल्या त्याच्या प्रत्येक म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर ही चिठ्ठी होती. भामट्यांपासून वाचवणारा याहून सोपा मंत्र नाही, असं तो ऐटीत सांगायचा. आणि आईनं मंत्र पाळला, एवढंच. खिडकी उघडली, तिनं ‘नाही’ दाबलं. यात कोणाचा दोष? कोणाचाच नाही…

गुरुवार, सकाळी अकरा.

थांब. त्या गुरुवारी फोन आला होता. आपण कोणाचं तरी यंत्र उघडून बसलो होतो, तोंडात पास्टीचा घास, फोन खांद्यात धरलेला — आणि आई म्हणत होती, “एक खिडकी आलीय रे. बोलायचा प्रोग्रॅम बाहेर जाऊ मागतोय म्हणते, जाऊ देऊ का?” आणि मग, जरा थांबून, “हा लाइलचाच ना?” ऐकू आलं नव्हतं. पंखा चालू होता, घास होता… ऐकू आलं नव्हतं असंच आजवर धरून चाललो. पण मग ते जरा थांबणं कसं आठवतं? जे ऐकलंच नाही त्यातली थांबायची जागा माणसाला आठवते? ऐकलं होतं. घास गिळला होता, सावकाश, आणि मग म्हणालो होतो, “नाही दाब.” आणि त्याच महिन्यात भामट्यांचे फोन येतात म्हणून आईचा नंबर बदलून दिला, तो लाइलला कळवायचा राहिला. राहिला! कसला राहिला रे, गार्थ?

त्यानं बंदी उठवली. बोटं आपसूक चालत होती, गिऱ्हाइकाचं काम केल्यासारखी. क्षणभर काहीच झालं नाही. मग कोपऱ्यातून एकेक ओळ खाली पडू लागली. लाइलचा कॉल, उचलला नाही. रविवार, चार. रविवार, चार. रविवार, चार. आठ महिने एकही रविवार सुटलेला नव्हता. मग महिन्यातून एक. मग नाताळ. आणि शेवटी, गेल्या मार्चातला, एकच निरोप: ‘बरं आई. समजलो. आता त्रास देत नाही.’

शेजारच्या झाडावर गला जातीच्या पाखरांनी गिल्ला मांडला होता, त्यांची त्याला चीड आली. पुसून टाकावं. दोन क्लिकचं काम. यंत्र वेगानं सुरू होईल, आई खूश होईल, पुढच्या रविवारी आपण गवत कापू. कोणाला कळणार आहे?

पावलं वाजली, तशी त्यानं ती खिडकी झटकन लहान करून तळाला लपवली.

आई चहा आणि केकची ताटली घेऊन आली. केस विंचरलेले होते. “सापडलं का दुखणं?”

“दोन राखणदार होते. एकमेकांत भांडत बसायचे.”

“अगंबाई! तुम्हा दोघांसारखेच की.” ती हसली, तो हसला नाही. मग तीही थांबली, ताटली ठेवली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, “लाइलचं मी बंद केलं होतं ना, ते अजून तसंच आहे का रे?”

“तू… तुला माहीत होतं?”

“त्र्याऐंशीची झाले म्हणून खुळी नाही झाले. मी नाव घेऊन विचारलं होतं तुला. तू म्हणालास, नाही दाब. दाबलं.”

“मला ऐकू नव्हतं आलं, आई.”

“असेल.” ती चहात साखर ढवळत राहिली. “मी म्हटलं, दर आठवड्याला येणारा हा. याला दुखवून मी कुठे जाणार?”

तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. कापलेलं गवत, डॉक्टरच्या फेऱ्या, सगळं तोंडावर फेकता येतं. पण ती हिशेब मांडतच नव्हती. दर रविवारी चारला ती त्या यंत्रासमोर बसायची ते आतून कडी घातलेल्या दारासमोर, आणि कडी तिनं स्वतःच घातली हे जाणून बसायची, आणि आपण शेजारी बसून केक खायचो.

“आता बोलले तर चालेल का तुला?” तिनं विचारलं. “थोडंच बोलेन. तू असताना नको असेल तर तू गेल्यावर.”

गार्थनं तिच्याकडे पाहिलं. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. बाबांना ती अशीच विचारायची, बहिणीकडे जाऊन येऊ का, थोडंच बसेन, हातातला चमचा फिरवत. आणि बाबा पेपरातून मान वर न करता तिला तसंच उभं ठेवायचे, आणि दारातून बघणारा दहा वर्षांचा आपण मनात म्हणायचो — मी कधी असा होणार नाही. ‘हो’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? आई चमचा फिरवत उभी होती, साखर केव्हाच विरघळली होती, आणि आपण अजून तिला उत्तर दिलेलं नाही, हे त्याच्या ध्यानात येत होतं.